निळी पाटी आणि पिवळी खुर्ची

पिट्सबर्गमधला माणूस एक वेळ रविवारचं चर्च चुकवेल, पण गाडीची जागा अडवायला कुणी रस्त्यात खुर्ची ठेवली असेल, तर तिला हात लावणार नाही. रजिना वोयचिकची पिवळ्या रेक्झिनची खुर्ची तर गल्लीतल्या कुत्र्यामांजरांच्याही ओळखीची होती. गंमत म्हणजे रजिनाकडे गाडीच नव्हती. नवरा, स्टॅन, गेला आणि पाठोपाठ तिने त्याची गाडीही विकून टाकली. जागा धरलेली होती ती लेकीसाठी.

लेक पॉला राहायची नदीपलीकडे, लांब. स्टॅन गेल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती आली, गल्लीला चकरा मारल्या आणि गाडीतूनच फोन केला, "आई, कुठ्ठे जागा नाहीये गं. पुढच्या रविवारी येते." बटाटा-चीज भरलेल्या, करंजीसारख्या पिएरोगींचा ढीग तसाच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी रजिनाने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून रस्त्यात मांडली. तेव्हापासून पॉलाचा एक रविवार चुकला नाही. आता सांगा, माणसाने अशा खुर्चीवर श्रद्धा ठेवायची नाही तर कशावर?

आणि नेमकी त्याच खुर्चीवर शेजारीण बर्नीची नजर गेली.

एके काळी पोलाद कारखान्यांत झालेल्या मोठ्या संपात शेजारच्या दारूच्या जुन्या गुत्त्यात पोलादकामगारांच्या पोराबाळांना फुकट सूप मिळायचं. त्या गुत्त्यासमोर सरकारी निळी पाटी लागावी, वर सोनेरी अक्षरांत सगळा इतिहास यावा, म्हणून बर्नीने वर्षानुवर्षं खेटे घातले होते. शेवटी पाटी मंजूर झाली, अनावरणाचा दिवस ठरला, आणि तो निघाला रविवार.

"एवढा एक रविवार उचल गं," बर्नी म्हणाली. "राजधानीहून साहेब यायचेत."

"साहेबाला म्हणावं बसने ये."

"अगं, तुझी सासू त्याच गुत्त्यात सूप ढवळायची!"

"म्हणून तर सांगते. तिनेही जागा दिली नसती."

रविवारी गल्लीत मुंगीला शिरायला वाव नव्हता. अकॉर्डियन वाजत होतं, पाटीवर कापड टाकलेलं होतं. साहेबांची काळी गाडी आली. ड्रायव्हर बाहेरगावचा, त्याला काय ठाऊक? उतरला, खुर्ची उचलली आणि फुटपाथवर ठेवून दिली. अकॉर्डियन थांबलं. कुणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली.

रजिना ॲप्रनसकट बाहेर आली. तिने खुर्ची होती तिथे परत ठेवली आणि वर ठाण मांडून बसली.

"बाई, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे," साहेब काच खाली करून म्हणाले.

"माझी मुलगी यायचीय."

"कधी?"

"आली की दिसेल."

बर्नी रडकुंडीला आली. "पाया पडते तुझ्या! इतकी वर्षं खपले गं या पाटीसाठी."

"तू खपलीस, आणि मी काय नुसती बसले होते?"

"बसलीच आहेस की, भर रस्त्यात!"

सगळे खो खो हसले. रजिनाला हसू येईना. तिचा सगळा जीव वळणावर लागला होता. ही गर्दी बघून पोरगी आल्या पावली मागे फिरेल, आणि एकदा रविवार चुकला की चुकलाच.

वळणावर पॉलाची लाल गाडी आली. क्षणभर थांबली. मग मागे सरकत सरकत दिसेनाशी झाली.

"गेली," रजिना म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

आणि थोड्या वेळाने गर्दीतून वाट काढत, धापा टाकत पॉला आली. हातात अक्रोडाच्या रोलचा डबा.

"आई! रस्त्यात काय बसलीस? लांबून बघितलं, मला वाटलं चक्करबिक्कर आली तुला!"

"गाडी कुठाय?"

"चर्चच्या मागे लावली. काय मेली ती चढण, जीव गेला माझा."

रजिना उभी राहिली. "म्हणजे चालत येता येतं."

"येतं की."

"मग त्या हिवाळ्यात?"

पॉलाने डबा साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "तेव्हा जागा होती, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "चांगली तुझ्या दारासमोर. पण खिडकीत वाट बघत उभे राहणारे बाबा नव्हते. मला उतरवेना गं. मग तू खुर्ची मांडलीस, आणि माझं निमित्तच गेलं."

रजिनाला आधी सणसणीत राग आला. पिएरोगींचा सबंध ढीग फेकून दिला होता तिने तेव्हा, रडत रडत. मग तिला पोरीचा चेहरा दिसला आणि राग कुठल्या कुठे गेला.

"लावा तुमची गाडी," ती साहेबांना म्हणाली, आणि लेकीला दंडाला धरून घरात घेऊन गेली.

बाहेर बर्नीने कापड ओढलं असावं, कारण टाळ्यांचा कडकडाट झाला. आत पॉला खिडकीशी उभी राहिली आणि त्या घरात पहिल्यांदाच बापासाठी हुंदके देऊन रडली. रजिनाने तव्याखालचा गॅस बंद केला आणि तीही तिच्या गळ्यात पडून मनसोक्त रडली.