दोन उंचवटे

आमच्या चाचणीखात्यात एक नियम आहे: प्रत्येक कापाआधी सेन्सर शून्य करायचा. जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, घट्ट धरणाऱ्या व्हाइसखाली हा सेन्सर बसवलेला असतो. कटर किती जोर लावतो ते तो मोजतो आणि माझ्या स्क्रीनवर त्याची रेघ उमटते. आधीचा काही भार राहिला असेल, तर बटण दाबून पुसून टाकायचा. ते बटण माझ्या अंगवळणी इतकं पडलंय की झोपेतही दाबेन.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत जॉब आबा, म्हणजे आमचे वडील, बसवायचे आणि मशीन थोरला दादा चालवायचा. दादाचं पॅनेल बाजूला, तिथून आतलं काही दिसत नाही. त्या गोंगाटात हाक मारून उपयोग नसे. म्हणून आबा आत वाकलेले असले की व्हाइसवर दोनदा तळहात थोपटायचे. पहिली थाप हलकी, दुसरी जोरात, आणि मग हात तिथेच. ते माझ्या स्क्रीनवर उमटायचं, आणि अर्थ एकच: थांबा, मी आत आहे. दार उघडं असताना मशीन चालू न देणारं सेफ्टी स्विच आम्हीच तारेने बांधून ठेवलं होतं. दर वेळी दार लावत बसायला वेळ कोणाला होता!

त्या दिवशी मी "चालू" म्हटलं आणि दादाने हिरवं बटण दाबलं. आबा आत होते.

आबा गेले, आणि चौकशीत दादाचा हलगर्जीपणा ठरला. तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. "मी डोकावलो का नाही गं?" असं ताटावर बसून म्हणतो, आणि मी त्याला आग्रह करून वाढते.

आज तीच चाचणी पुन्हा सुरू झाली. तार काढलेली, दार बंद, दादाचे दोन्ही हात पॅनेलवर. स्क्रीनवर दोन उंचवटे आले, एक लहान, एक मोठा. मग रेघ वरच राहिली, चार किलोंच्या भारावर.

"केबल हलतेय," म्हणत मी शून्य केलं.

काप झाला. निघालेली धातूची साल भिंगाखाली धरली. या वेगाला तिच्या कडेला करवतीसारखे सलग दात यायला हवेत. इथे दोन दात, मग मोकळी जागा, पुन्हा दोन दात.

केबल बदलली. दुसऱ्या कापाआधी पुन्हा दोन उंचवटे. शून्य. तिसऱ्याआधी पुन्हा, आणि या वेळी बारा किलो. काचेआड व्हाइसवर जॉबशिवाय काहीही नव्हतं. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज.

"करू चालू?" दादाने विचारलं. हल्ली तो तीन-तीनदा विचारतो.

माझं बोट शून्याच्या बटणावर होतं. "नको. इकडे ये."

मी त्या दिवसाची फाइल उघडली. दोन उंचवटे, वर राहिलेली रेघ, मग माझं शून्य. दादाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आबांनी थोपटलं होतं," मी म्हटलं. "मला स्क्रीनवर दिसलं. मी सवयीने पुसलं आणि तुला चालू म्हटलं."

"तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"आणि तीन महिने मला आग्रह करून वाढत होतीस?"

समोरची रेघ हळूहळू खाली आली आणि शून्यावर टेकली. बटणाला मी हात लावला नव्हता. दादा मात्र माझ्याकडे बघायला तयार नव्हता.