सगळे येईपर्यंत

गेल्या पुरात दादा खालच्या पंपघरात बुडाला. पाण्याचा अंदाज उशिरा आला, असं चौकशीत ठरलं. अंदाज काढणारा प्रोग्रामही दादानेच लिहिलेला, म्हणजे मेल्यावर दोषसुद्धा त्याच्याच माथी! पूर-कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीने वर्षभर एकच ध्यास घेतला. प्रोग्राम वेगवान करायचा.

गणित अवाढव्य होतं. लाखो ओळी, लाखो रकाने. दादाने ते सोळा प्रोसेसरांत वाटलं होतं; धाकटीने ग्राफिक्स कार्डावरच्या हजारो छोट्या प्रोसेसरांना वाटून दिलं. प्रत्येक टप्प्यावर दादाची एक ओळ असायची : सगळे येईपर्यंत थांबा. जेवायलाही तो असाच, शेवटचा माणूस पाटावर बसेपर्यंत पहिला घास घ्यायचा नाही. धाकटीने त्या ओळी काढून टाकल्या. चाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांत व्हायला लागलं.

"गंगेत घोडं न्हालं एकदाचं!" साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यापासून हाच चालवू. लोक घरं सोडतील ती याच्या आकड्यांवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोरड्या दिवसाचे आकडे घालून पाहिलं. सगळीकडे शून्य, फक्त नकाशावरच्या पंपघराच्या चौकटीत ७.४६ मीटर. दादा गेला त्या दिवशी तिथे नेमकं एवढंच पाणी होतं. तिने पुन्हा चालवलं, तर शून्य. तेविसाव्या वेळी परत ७.४६.

तिने कार्ड बसवणाऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं.

"भूतबित काही नाही, ताई. तपासायला मागच्या पुराचे आकडे घातले होते ना? ते मेमरीत पडून आहेत. गणिताचा हा पंपघराचा तुकडा कधीकधी मागे राहतो, बाकीचे त्याच्यासाठी थांबत नाहीत. मग तिथला जुनाच आकडा उचलला जातो. थांबायच्या ओळी कोणी काढल्या?"

"मीच," धाकटी म्हणाली.

तिने ओळी परत घातल्या. आता अकरा मिनिटं लागत होती. दोन दिवस, दोन रात्री दोनशे वेळा चालवलं, दोनशे वेळा पंपघरात शून्य आलं. दादा तिथून गेला होता. तिला रडू आवरेना.

त्यानंतर लगेच तिने वहिनीला फोन लावला.

"वहिनी, अंदाज वेळेत आला होता, चौकशीत मी ते सांगितलं नाही. पंपघरावरून आम्हाला न्यायला आलेल्या जीपमध्ये जागाही होती. ड्रायव्हरने विचारलं, सगळे आले का? मी मागे वळूनही न बघता म्हटलं, हो, चला."



"ड्रायव्हर तेव्हाच येऊन सांगून गेला होता," वहिनी म्हणाली. "तू कधी येतेस, याचीच वाट बघत थांबले होते."