मोऱ्याचा आहार

बनशंकरीतलं ते घर मिळालं तेव्हा घरमालकांनी एकच अट घातली होती. घरात मांसमच्छी शिजणार नाही, येणारही नाही. अमितने आणि मी माना डोलावल्या. आम्ही दोघं शाकाहारीच. आमच्याबरोबर येणारा तिसरा मात्र नव्हता, आणि त्याच्याबद्दल आम्ही 'एक मासा पाळलाय' एवढंच सांगितलं.

तो होता मोरे ईल, समुद्रातली वाम. हातभर लांब, पांढरा, अंगावर काळी नक्षी, दिसायला थेट साप. अमित त्याला मोऱ्या म्हणायचा. हॉलमधल्या छोट्या टाकीत दगडाच्या कपारीतून नुसतं डोकं बाहेर काढून तो बसून असायचा. बंगळुरात समुद्र कुठला? म्हणून दर रविवारी मी बादलीभर फिल्टरच्या पाण्यात पुड्यातलं मीठ ढवळायचे आणि आमच्यापुरता समुद्र करायचे. दुपारी पडदे ओढले की टाकीचा निळा उजेड भिंतींवर हलत राहायचा, आणि मीच पाण्याखाली बसलेय असं वाटायचं. ऑफिसचे फोन तिथवर पोचायचे नाहीत, किंवा मी पोचू द्यायचे नाही.

घरमालक गुरुराजअण्णा खाली एकटेच राहायचे. धारवाडकडचे, त्यामुळे मराठी छान. एकदा नळ बघायला म्हणून वर आले आणि टाकीसमोर बसले ते तासभर उठलेच नाहीत. मग रोज चारला यायला लागले. मोऱ्या सारखं तोंड उघडतो, मिटतो. श्वास घ्यायची त्याची ती रीतच आहे. अण्णांना वाटलं, जप करतोय. खातो काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, शेवाळ, तेही थोडंसंच. अण्णांनी चक्क हात जोडले. तेव्हा मला हसू आलं होतं, आज लाज वाटते.

खरं तर तो कोळंबी खायचा. डबा फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे. एक दिवसाआड दार लावून मी चिमट्याने तुकडा त्याच्या नाकापुढे धरायचे, कारण त्याला नीटसं दिसत नाही, सगळा कारभार वासावर. दोन वर्षं हे सुखाने चाललं.

मग सांगलीत सासरे पडले, खुब्याचं हाड मोडलं. आम्ही होतो तसे निघालो. तिथे मुक्काम लांबत चालला आणि माझा जीव टाकीत अडकला. एरवी मोऱ्या आठ-दहा दिवस उपाशी सहज राहतो. पण यावेळी त्याने आधीच महिनाभर खाणं सोडलं होतं, पार रोडावला होता, आणि आम्ही निघायच्या आदल्या दिवशी कुठे पहिला तुकडा घेतला होता. किल्ली फक्त अण्णांकडे. सांगावं तर घर जाणार, न सांगावं तर मोऱ्या. अमित म्हणाला, तूच ठरव. असल्या वेळी हा माणूस नेहमी मोठ्या मनाचा होतो.

दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी अण्णांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं, मटारच्या पिशवीसकट. पलीकडे जिन्यावर पावलं, मग फ्रीजचं दार, नळ. नाकाला पंचा बांधलाय, असं ते म्हणाले. चिमटा किती खाली न्यायचा ते मी डोळे मिटून सांगत गेले. सांगलीच्या त्या जिन्यात माझ्याभोवती निळं पाणी हलत होतं.

"आला," अण्णा अगदी हळू म्हणाले. "घेतलं त्याने." आणि फोन ठेवला.

बारा दिवसांनी परतलो. टाकीची काच पुसलेली होती, मोऱ्या अंगाने भरला होता. चारला अण्णा आले, नेहमीच्या खुर्चीत बसले. मी चहा दिला, माफी मागितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"कोळंबीला हात लावला की आंघोळ करत होतो मी," ते म्हणाले. "त्याचं काही नाही. तो त्याच्या धर्माने खातो. पण तुम्ही दोन वर्षं माझ्याशेजारी बसून खोटं बोललात. महिनाअखेर घर सोडा."

मी "सरी, अण्णा" म्हणाले, त्यांच्याच कानडीत 'बरं'.

चहा संपला तरी ते उठेनात.

"शमिका," ते टाकीकडे बघत म्हणाले, "त्याला मात्र माझ्याजवळ ठेवून जा. कोळंबी कुठल्या दुकानात मिळते, तेवढं स्वल्प लिहून दे."

घर जाणार हे मी फोन करतानाच धरून चालले होते. मोऱ्याही जाईल, हे धरलं नव्हतं. रडत रडतच मी त्यांना दुकानाचा पत्ता लिहून दिला.