जाळ्याचं शिसं

लढाईवरून परतल्यापासून लेम्युएलला एकच उद्योग होता, लोळायचं. तेही बूट घालून, चुलीपुढच्या उघड्या जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून. केझायाने लेकासाठी पिसांची गादी झटकून ठेवली होती. तिच्यावर मांजर व्यायलं, पण हा बाबा तिकडे फिरकला नाही. नवऱ्याला माती देऊन आली त्याच आठवड्यात ती मासे धरायला होडीत बसली होती. तिच्या पोटी हा अजगर!

आज सकाळपासून प्रार्थनाघराची घंटा कोणीतरी बडवत होतं. शेजारची मर्सी धापा टाकत दारात आली.

"काकू, इंग्लंडच्या राजाने हात टेकले! तह झाला! जिंकलो आपण!"

"ऐकू येतंय गं, बहिरी नाही झाले. नदीत शॅड चढायला लागलेत, ते ऐकलंस का? ते काय घंटेसाठी थांबायचेत?"

मर्सी तोंड वाकडं करून गेली.

वसंतात शॅड मासे कनेक्टिकट नदीत चढतात, तेव्हा धरून खारवले तर हिवाळा निघतो. पण लढाईच्या पहिल्या वर्षी गावाने शिसं मागितलं, आणि केझायाने आपल्या हाताने जाळ्याची शिशाची वजनं कापून, याच चुलीवर वितळवून लेकासाठी गोळ्या ओतल्या. तेव्हापासून जाळ्याला दगड. दगड निसटायचे, जाळं वर यायचं, मासे खालून पसार. गेल्या हिवाळ्यात पिंपाचा तळ खरवडून खाल्ला. आणि जाळ्याची दोन टोकं एकट्या बाईने धरायची कशी?

तिने वल्ह्याने त्याला ढोसलं. "ऊठ! राजाची माणसं चालली जहाजात बसून. आता कोणाला भिऊन लपलायस?"

लेम्युएल उठून बसला. उशाखालची कातडी पिशवी त्याने जमिनीवर उपडी केली. गोळ्या घरंगळल्या. प्रत्येकीवर एक ओरखडा. केझायाच्या साच्याला तडा होता, त्याचा.

"ह्या तर माझ्या! इतक्या उरल्या? मग लढलास कशाने, ढेकळं मारून?"

"बंदुकीत भरायला दारूच नसायची, आई. चालायचो नुसते. मागे हटायचो, परत चालायचो. बूट काढले तर सकाळी पाय आत जायचे नाहीत."

"आणि ज्या उडवल्यास त्या?"

त्याने एक गोळी चिमटीत उचलली.

"एक लागली. राजाचा लाल डगलेवाला शिपाई होता, माझ्याच वयाचा. पडल्या पडल्या आईला हाका मारत होता. आपल्याच भाषेत. मग मी आभाळात झाडायला लागलो. उरलेल्या तुझ्या तुला द्यायच्या म्हणून ठेवल्या."

कुरकुरते गुडघे टेकून केझाया खाली बसली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडवायला लागली. गाठी चिखलाने दगड झाल्या होत्या. शेवटी सुरीने कापल्या. मग एकेक गोळी वेचून ओच्यात घेतली.

"ऐक, लेम. गोळी मी ओतली, तू झाडलीस. त्या पोराचं ओझं निम्मं माझं. तेवढं माझ्याकडे दे आणि हातोडा घे. ह्या सगळ्या चेपून जाळ्याला बसवायच्यात. जिंकलास म्हणतात ना सगळे? मग चल, दोरीचं दुसरं टोक धर."