मागच्या दाराचे तीन हूक

जरा कल्पना करा पाहू. तुम्ही शाळेतून घरी आला आहात. खांद्यावर दप्तर, नोव्हेंबरच्या वाऱ्यानं नाक लाल झालेलं, पोटात कावळे ओरडताहेत. मागच्या बोळातून येऊन तुम्ही अंगणाचं फाटक ढकलता आणि बघता तर काय, घराचं मागचं दार वाकडं लटकतंय. खालची अर्धी बाजू फुटून आत पडली आहे. स्वयंपाकघरातला फ्रीज सताड उघडा आहे आणि गोठवलेले हिरवे मटार साऱ्या फरशीवर विखुरले आहेत.

तुम्ही काय केलं असतं? ओरडला असता? धूम ठोकली असती? रडला असता?

इंग्लंडमधल्या हल शहरातल्या एफीनं यातलं काहीच केलं नाही. ती साडेदहा वर्षांची होती. ती दाराबाहेर उभी राहिली आणि तिच्या मनात एवढंच आलं, की हे मटार आता मऊ पडणार. मग ती वळून बोळातून पुढच्या बाजूला गेली आणि पुढच्या पायरीवर बसून राहिली. पंधरा मिनिटांनी आई बेकरीतून आली तेव्हा एफी तशीच बसली होती, दप्तर पाठीवरच.

"अगं, अशी थंडीत का बसलीस?" आई म्हणाली.

"मागचं दार फुटलंय," एफी म्हणाली. 'पाव संपलाय' असं सांगावं, तशा आवाजात.

त्यानंतर घर माणसांनी भरलं. पोलीस आले, फोटो काढले, एका चिठ्ठीवर तक्रारीचा नंबर लिहून देऊन गेले. टीव्ही गेला होता, आईचा लॅपटॉप गेला होता. घरमालकाच्या ऑफिसनं सांगितलं, दार बंद करायला तासाभरात माणूस पाठवतो. जॅनिसमावशी आपल्या गाडीतून आजोबांना क्लबातून घेऊन आली. आजोबा मंगळवारी क्लबात डॉमिनो खेळायला जायचे. ते कोट न काढता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले आणि दाराकडे बघत राहिले.

एफीच्या आजोबांचं नाव क्लिफ. तीस वर्षं त्यांनी कारवानच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, कारखान्यात नोकरी केली, आणि ती तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: दारं बसवली. पण या उन्हाळ्यापासून आजोबा विसरायला लागले होते. एकदा गॅस चालू राहिला. एकदा टबाचा नळ चालू राहिला आणि खालच्या खोलीचं छत टपकायला लागलं. तेव्हापासून मावशीनं धोसरा लावला होता, बाबांना आता वृद्धाश्रमात ठेवलं पाहिजे. शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमात खोली रिकामी झाली होती. आजपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. आई रोज म्हणायची, "बघू." आजोबा काहीच म्हणायचे नाहीत.

पाचच्या सुमाराला दार बंद करणारा माणूस आला. त्याचं नाव रॉय. उंच, टक्कल पडलेला, कानामागे पेन्सिल. त्याच्या गाडीत प्लायवुडच्या मोठमोठ्या फळ्या उभ्या होत्या. दिवसातून चार-पाच फुटलेली दारं त्याच्या वाट्याला यायची, त्यामुळे तो कुणाच्याही घरात अगदी शेजारी आल्यासारखा शिरायचा.

"आई गं," तो मटारांवरून पाय टाकत म्हणाला. "फ्रीजरमध्ये पैसे शोधतात हो हे. लोक ठेवतात ना पिशवीत घालून. तुमच्याकडे मटारच निघाले, बिचारे निराश झाले असतील."

आई हसली नाही. पण तिनं चहाचं आधण ठेवलं.

रॉयनं बॅटरी लावली आणि दाराच्या चौकटीवर वरून खाली प्रकाश फिरवला. मग तो चौकटीत बोट घालून चाचपू लागला. एफी शेजारीच उभी होती. तिला कुणी 'तिकडे जाऊन बस' असं म्हटलं नव्हतं, आणि आपण होऊन कुठे जावं हे तिला सुचत नव्हतं.

"इकडे ये, तुला एक गंमत दाखवतो," रॉय म्हणाला. "हे बघ. या दाराची मूठ वर उचलली, की दाराच्या कडेतून तीन हूक बाहेर येतात. एक वर, एक मधे, एक खाली. ते चौकटीतल्या या खाचांत जाऊन बसतात. मग किल्ली फिरवायची, की ते तिथेच अडकतात. कळलं?"

एफीनं मान हलवली. तिला ते ठाऊक होतं. त्या गल्लीतल्या प्रत्येक घराला तसलंच दार होतं.

"आता नुसतं दार ओढून घेतलं, तर काय होतं? मधली छोटी जीभ तेवढी अडकते. बाहेरून उघडता येत नाही, म्हणून माणसाला वाटतं, झालं बंद. पण कटावणीचा एक झटका बसला, की गेलं." त्यानं वरच्या खाचेवर प्रकाश टाकला. "हूक अडकलेले असते, तर ही खाच वाकली असती, ओरबाडली असती. बघ कशी नव्यासारखी आहे. खालचीही तशीच. म्हणजे आज सकाळी कुणीतरी मूठ वर न उचलताच गेलं."

एफीनं खालच्या खाचेत बोट घालून बघितलं.

सकाळचं सांगतो. आई पहाटेच बेकरीत जायची; एफी आणि आजोबा रोज नंतर बरोबर निघायचे, ती शाळेला, ते बसनं गावात, मागच्या दारानं, कारण बोळातून बसथांबा जवळ पडतो. आजोबा मूठ वर उचलत, किल्ली फिरवत आणि मग दार तीनदा ओढून बघत. आज सकाळीही त्यांनी ओढून बघितलं. एक, दोन, तीन. एफीनं स्वतः पाहिलं. मग बोळाच्या टोकाशी गेल्यावर तिला आठवलं, आज पोहायचा तास आहे आणि टॉवेल घरीच राहिला. तेवढ्यात आजोबांची बस आली. "जा तुम्ही," ती म्हणाली आणि पळत परत आली. आपल्या किल्लीनं दार उघडलं, टॉवेल घेतला, दार ओढलं आणि पळाली. नुसतं ओढलं. मूठ उचलली नाही, किल्ली फिरवली नाही.

ती परत आली होती, हे आजोबांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि आजोबांना ते आठवत नव्हतं.

"काय निघालं?" आईनं चहाचा मग रॉयच्या हातात देत विचारलं.

"कुलूप लागलंच नव्हतं, बाई. नुसतं ओढून घेतलेलं होतं." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे मला इथे लिहावं लागतं. मालकाच्या ऑफिसला जातं ते. शेवटी कोण निघालं घरातून?"

आईनं मावशीकडे बघितलं. मावशीनं डोळे मिटले.

"बाबा," मावशी म्हणाली.

आजोबा अजून कोटातच होते. "मीच असणार," ते म्हणाले.

"असणार म्हणजे? आठवतंय का तुम्हाला?"

"रोज मीच लावतो ना, जॅनिस. म्हणजे मीच असणार."

"पण आज? आज सकाळी मूठ उचलली होती का?"

आजोबांनी आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. जणू काही हात सांगेल.  "नाही आठवत," ते म्हणाले.

"झालं!" मावशी आईला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि तेच वाईट होतं. "उन्हाळ्यात गॅस, मग नळ, आता हे. उद्या काय, लिंडसी? उद्या घर जळायची वाट बघायची का?"

"जॅनिस, हळू बोल," आई म्हणाली.

"तू दिवसभर बेकरीत असतेस. मी तिकडे गुल गावात, दुकानात असते. कोण बघणार?"

"तीस वर्षं दारं बसवली," आजोबा कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "हजारो बसवली असतील." मग ते पुढच्या खोलीत गेले आणि जिथे टीव्ही होता, त्या रिकाम्या जागेसमोर खुर्चीत बसले.

एफीनं तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. असं होतं कधीकधी. थंडीत बोटं बधिर होतात, टोचलं तरी कळत नाही, तसं बोलणं बधिर होतं. तिला रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती, काही म्हणजे काही वाटत नव्हतं. तिनं कुंचा घेतला आणि मटार गोळा करायला लागली. मटार आता खरंच मऊ पडले होते. कुंच्याखाली चिरडून त्यांच्या हिरव्या रेघा उठत होत्या.

रॉयनं कामाला सुरुवात केली. आधी त्यानं मोडलेलं दार बिजागऱ्यांतून काढून अंगणात भिंतीला टेकवलं. मग फळी मापून कापली. करवतीचा आवाज झाला तेव्हा सगळ्यांना जरा बरं वाटलं, कारण तेवढा वेळ कुणाला बोलावं लागलं नाही.

"काका," त्यानं पुढच्या खोलीकडे बघून हाक मारली. "जरा फळी धरता का? एका माणसाचं काम नाही हे."

आजोबा उठायला लागले.

"बाबा, तुम्ही बसा," मावशी म्हणाली. "मी धरते."

आजोबा बसले.

मावशीनं फळी धरली, पण तिला ती अंगणाच्या बाजूनं धरावी की आतून, हे कळेना. रॉय म्हणाला, "बाई, ती फळी आहे, नवरा नाही. घट्ट धरायची नसते, सरळ धरायची असते." आई पहिल्यांदाच हसली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला. मावशीही हसली असती, पण हसली नाही.

फळी बाहेरून लागली. आतून रॉयनं दोन जाड लाकडं आडवी टाकली आणि फळीतून आरपार मोठे बोल्ट घालून ती आवळली. बोल्टची डोकी बाहेर होती, गोल, गुळगुळीत. बाहेरून पान्यात धरण्यासारखं काहीच नव्हतं. आतल्या बाजूला नट. एफी एकेक नट त्याच्या हातात देत होती. कुणी सांगितलं नव्हतं, पण नटांचा डबा तिच्या पायाशीच होता.

"बाहेरून आता कुणाच्या बापाला निघणार नाही," रॉय म्हणाला. "नवं दार येईपर्यंत पुढच्या दारानं ये-जा करायची. आठ-दहा दिवस."

शेवटचा नट आवळून तो खाली बसला आणि गुडघ्यावर कागद ठेवून लिहायला लागला. आई त्या लाकडांना हात लावून बघत होती. मावशी पुढच्या दाराजवळ फोन हातात घेऊन उभी होती.

"त्या कागदावर काय लिहिलं?" एफीनं विचारलं. 

"हेच. कुलूप नव्हतं. शेवटी निघणारे, आजोबा."

"ते बदलता येतं का?"

रॉयनं पेन्सिल थांबवली. त्यानं तिच्याकडे बघितलं. त्याच्याही घरी मुलं असावीत.

"खाली जागा असते," तो म्हणाला. "इथे. आणखी काही कळलं तर तिथे लिहायचं. मी हत्यारं गाडीत ठेवून येतो, मग सही घेतो. तोवर हा कागद इथेच आहे." आणि तो करवत उचलून निघून गेला.

पुढच्या दाराशी मावशीचा फोन लागला होता. "हो, मी जॅनिस टॉड. माझ्या वडिलांच्या खोलीबद्दल... हो, आज कळवायचं होतं, म्हणूनच..."

आईनं मावशीकडे बघितलं. इतके दिवस ती 'बघू' म्हणत आली होती. आज तिनं तेही म्हटलं नाही. ती भिंतीला टेकली आणि तिनं हलकेच मान हलवली. होकाराची.

पुढच्या खोलीत आजोबा हे सगळं ऐकत होते. त्यांनी कोटाची बटणं लावायला सुरुवात केली होती, जणू आत्ताच निघायचं आहे.

एफीनं कुंचा भिंतीला लावला. ती घरातल्या बोळकांडीतून पुढच्या दाराशी गेली आणि मावशीच्या समोर उभी राहिली.

"मावशी, फोन ठेव."

"एफी, बाळा, एक मिनिट..."

"आजोबांनी कुलूप लावलं होतं," एफी म्हणाली. "मी पाहिलं. मूठ उचलली, किल्ली फिरवली, तीनदा ओढून बघितलं. मग मी टॉवेल घ्यायला परत आले. मी दार नुसतं ओढून गेले. मीच शेवटी निघाले होते. चोर माझ्यामुळे आले."

तिचा आवाज सपाटच होता. शब्द एकामागून एक बाहेर पडले, तिच्या हातातून नट रॉयच्या हातात जात होते तसे. फोनमधून कुणीतरी "हॅलो? हॅलो?" म्हणत होतं. मावशीनं फोन कानापासून दूर धरला होता. आई भिंतीपासून सरळ झाली. 

एफीनं पुढच्या खोलीत बघितलं. आजोबांचा हात तिसऱ्या बटणावर थांबला होता, पण ते खिडकीकडेच बघत होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, ते एफीला कळेना.

म्हणून ती आत गेली, त्यांच्या खुर्चीसमोर गालिच्यावर बसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.