चौथ्या दिवसाचा नमुना

वहिनींच्या चष्म्याच्या एका दांडीला गुंडाळलेला काळा दोरा – सुटत आलेला, टोक कानामागे लोंबतंय – त्याच्याकडेच तो पाहत बसला होता. त्या ओळीखाली बोट धरून संमतीपत्र वाचत होत्या. लवकर वाचा ना, वहिनी... किंवा वाचूच नका.

त्याला आठवत होतं: तीन वर्षांपूर्वी, याच खोलीत, दादाला जाऊन चौथा दिवस. तो जाण्याआधीचे अकरा दिवस वहिनी त्याच्या उशाशी, त्याचा खोकला अंगावर घेत बसलेल्या. घरातले सगळे आजारी पडले, वहिनींना साधी शिंकही आली नाही – आणि रडता रडता, हो, रडतही होतो मी, माझ्यातला प्रयोगशाळेतला माणूस जागा झाला. "तुमचीही तपासणी करून ठेवू," म्हणालो. त्यांनी निमूट मान मागे टाकली. नाकात बारीक ब्रश फिरवला तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली; ती ब्रशमुळे की दादामुळे, असा प्रश्नही पडला नाही... कुपी मात्र बर्फात नीट ठेवली.

त्या पेशींवर त्याचा शोधनिबंध उभा राहिला, आणि आता छापण्याआधी संपादक संमतीपत्र मागत होते.

"काय सापडलं हो माझ्या नाकात?" वहिनींनी हसून विचारलं.

"विषाणू पेशीत शिरतो, पण स्वतःच्या प्रती काढायला त्याच्याकडे फारसं काही नसतं. आपल्याच पेशीतली प्रथिनं तो राबवून घेतो. त्यातल्या एकावाचून त्याचं अडतं, आणि ते तुमच्या पेशींत जवळपास नाहीच."

वहिनींचं बोट थांबलं.

"म्हणजे त्यांच्या कितीही जवळ बसले असते, तरी मला झालं नसतं?"

"बहुधा नाही."



"सासूबाई म्हणाल्या होत्या, हिला कसं काही झालं नाही. मलाही वाटायचं, मी कुठंतरी अंग चोरलं असणार."

आई हे म्हणाली तेव्हा तो दारातच उभा होता. काही बोलला नव्हता.

"तेव्हा माझ्या जिवाची काळजी केली ती तुम्ही एकट्यानं, भाऊजी. मी सगळ्यांना सांगते."

सगळ्यांना... त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी सही केली. "तारीख आजचीच ना?"

"नाही... तेव्हाची. नमुना घेतला त्या दिवशीची. संमती नमुन्याआधीची लागते."

त्यांनी पहिला आकडा लिहिला आणि हात थबकला. ओठ किंचित हलत होते. त्या दादा गेल्यापासूनचे दिवस मोजत होत्या.

"वहिनी, ती तपासणी नव्हती."

बोलून गेल्यावर हलकं वाटेल, अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. वहिनींनी मान वर केली नाही, पेनही खाली ठेवलं नाही... आणि आपण अजूनही तारखेच्या उरलेल्या आकड्यांची वाट पाहतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं.