भोंगा झाला की बसायचं

मले ती चौपाटी पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. चौपाटी म्हणे! समुद्र इथून किती दूर, हे त्या ठेकेदाराले कोणी विचारलं नाई. आपल्या नदीच्या काठी फायबरची नारळाची झाडं रोवली, एक लाकडी जहाज उभं केलं, रेती पसरवली, पाणीपुरीपासून बांगड्यांपर्यंत तीसेक दुकानं मांडली, अन् पार पाण्यापर्यंत सिमेंटच्या पायऱ्या काढल्या. झाली चौपाटी! अन् लोक तर असे तुटून पडले की रविवारी पाय ठेवाले जागा नाई.

पण नातीपुढं माहं काय चालते? दिव्यानी सात वर्षांची. शनिवारपासून कान खाऊन राह्यली, "आबाजी, चौपाटी. आबाजी, चौपाटी." शेवटी रविवारी चार वाजता सून मयुरी, नात अन् मी ऑटोत बसलो. पोरगा प्रवीण ड्युटीवर होता.

माहं नाव खुशाल. एकतीस वर्षं कोळशाच्या खुल्या खदानीत ब्लास्टिंगवर काढली. आमच्या गावात रविवार सोडून रोज दुपारी तीनच्या सुमारास खदानीचा भोंगा वाजते अन् मिनिट-दोन मिनिटांत धमाका होते. जमीन हादरते, छपराची टिनं वाजते. म्हणून भोंगा झाला की इथी जो तो आपलं सामान धरते. चहावाला चुलीवरचा चहाचा गंज धरते, किराणावाला बरण्या धरते, अन् बसलेला माणूस बोलता बोलता आपल्या ग्लासावर हात ठेवते. नवा पाहुणा असला तर पाहून हासते. आमाले तर हात ठेवला हे भी समजत नाई.

लेकरांसाठी वेगळा कायदा, अन् तो मीच केला. भोंगा झाला की जिथी असशील तिथीच बसायचं, डोळे मिटायचे, कान दाबायचे, धमाका होईपर्यंत हलायचं नाई. कोणी हाक मारली तरी नाई. काऊन, तर आमच्या शेजारची कमला लहानपणी आईच्या हाकेसरशी उठून धावली, अन् उडालेला दगड तिच्या खांद्यावर बसला. तिचा हात आज भी वर होत नाई. दिव्यानीले हा कायदा मी असा शिकवला की झोपेत भोंगा झाला तरी ते पोट्टी कान दाबते. चारचौघांत मी हे अभिमानानं सांगत होतो.

तर चौपाटीवर आमी वरच्या ओट्यावर कडेचं टेबल धरलं. बाजूलेच सुरय्याचं बांगड्यांचं दुकान. ती मागच्या वर्षी सिरोंच्याकडून आली. तिची मदीहा दिव्यानीच्याच वर्गात. दोघी एकमेकींले दिसल्या अन् झालं, पळाल्या पायऱ्यांकडं.

"पाण्याजवळ जायचं नाई वो!" मी ओरडलो.

"नाई जात, आबाजी!"

पायऱ्या मी मोजल्या. सात कोरड्या होत्या. मोजाची खोड खदानीतली, बारुदाची छिद्रं मोजत जिंदगी गेली. पोरी वरून तिसऱ्या पायरीवर घर-घर खेळून राह्यल्या होत्या. मले वाटलं, ठीक आहे, दिसून तर राह्यल्या.

उसाचा रस सांगतला, आलुबोंडे सांगतले. नदीकडं पाहलं तर पाणी चहासारखं गढूळ. आमच्याकडं चार दिवसांपासून पाऊस नाई, ऊन कडक, अन् नदीत पळसाची एक आख्खी फांदी वाहून चालली होती, पानांसकट. तिच्यामागं कोणाची चप्पल. कच्च्या मातीचा वास सुटला होता. आणखी एक गोष्ट मले खटकली. ढिवरांचे मासे धराचे डोंगे रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेले बांधले राह्यते, ते त्याईनं पार वरतं आणून आंब्याच्या झाडाले आवळले होते.

मी रसवाल्याले विचारलं, "डोंगे काऊन वर आणले गा?"

"वरतं धरणाकडं लय पाऊस होऊन राह्यला म्हणते. आपल्याले काय करायचं, भाऊ? बर्फ टाकू का?"

पायऱ्या आता पाच होत्या. पाहा, मले दिसलं होतं. पोरींले वर बोलवावं, असं मनात आलं होतं. पण रस आला, आलुबोंडे गरम होते, अन् मी म्हणलं, एवढं खाऊन घेतो.

तेवढ्यात भोंगा झाला.

रसवाल्याच्या मागं आइस्क्रीमचं मोठं बॅनर लागलं होतं, त्याच्या मागून आवाज आला. पण तेव्हा ते कोणी पाहलं? आवाज तोच, तीन वाजताचा, लांबच लांब. अन् त्या चौपाटीवरच्या दोनशे लोकांनी काय करावं? आपापला ग्लास धरला. पाणीपुरीवाल्यानं मडकं धरलं. सुरय्याच्या शेजारच्यानं आरसे धरले. माहा हात तर पहिलेच रसाच्या ग्लासावर होता. मी मनात मोजाले लागलो. शंभराच्या आत धमाका होते, हा माहा एकतीस वर्षांचा हिशोब.

साठावर मयुरी म्हणाली, "बाबा, आज रविवार ना?"

"चूप राह्य वो! मोजू दे."

असा सटकलो तिच्यावर.

सत्तर. ऐंशी. एवढी गर्दी अन् नुसता तेलात भजे तळाचा आवाज. नव्वद. शंभर झाले. हाताखालचा ग्लास हालला नाई.

मंग भोंगा दुसऱ्यांदा झाला. खदानीचा भोंगा दोनदा वाजत नाई. रविवारी तर वाजतच नाई, अन् पाच वाजता कोण ब्लास्टिंग करते? हे मले माहीत नाई तर कोणाले माहीत राहीन? हा धरणाचा भोंगा होता. वरतं दारं उघडली होती. अन् मी, खुशाल ब्लास्टिंगवाला, ग्लास धरून शंभर मोजत बसलो होतो.

पायऱ्यांकडं पाहलं. एकच दिसून राह्यली होती.

मी कसा पळालो मले आठवत नाई. गुडघे दुखते म्हणून मी संडासात भी खुर्ची ठेवतो, अन् त्या दिवशी टेबलं लोटत गेलो. मागून मयुरीची किंकाळी ऐकू आली. काठावर पोचलो तर दोघी दिसल्या. बसून होत्या. डोळे मिटलेले, कान दाबलेले, एकदम शहाण्यासारख्या. दिव्यानी कंबरेपर्यंत पाण्यात. मदीहा एक पायरी खाली, तिच्या गळ्याले पाणी लागलं होतं.

"दिव्यानी! ऊठ! ऊठ वो माय!"

तिनं कान आणखी जोरात दाबले. कोणी हाक मारली तरी नाई, मीच शिकवलं होतं ना!

मी पाण्यात उतरलो. पाणी असं ओढत होतं की पायाखालची पायरीच समजत नव्हती. नातीले काखेत घेतलं तर ते लाथा झाडाले लागली. "धमाका नाई झाला, आबाजी! सोडा! अजून नाई झाला!" अन् त्याच घडीले मदीहा पायरीवरून घसरली. मले फक्त तिचा दुपट्टा दिसला. हात टाकला, हाताले दंड लागला. देव मी मानत नाई, पण त्या दिवशी कोणाकोणाचं नाव घेतलं ते सांगता येत नाई. वरून सुरय्यानं माही कॉलर पकडली, मयुरीनं सुरय्याले पकडलं, अन् आमी वर आलो.

मंग सगळेच पळाले. धक्क्यानं कोणाचे हातपाय खरचटले, बाकी माणूस एकही गेलं नाई. अर्ध्या घंट्यात आमचं टेबल पाण्याखाली होतं. बॅनर फाटून वाहून गेलं, तेव्हा त्यामागचा निळा खांब दिसला. त्याच्यावर भोंगा होता अन् खाली पाटी, धरणाचे पाणी सोडताना भोंगा वाजेल, नदीपात्रापासून दूर जावे. आइस्क्रीमसाठी झाकली होती ती पाटी. माहं डोस्कं असं तापलं! पण शिव्या कोणाले देऊ? पाटी दिसली असती, तरी मी ग्लासच धरला असता.

रस्त्यावर सुरय्या मदीहाले पोटाशी धरून बसली होती. पोरगी ओकून राह्यली होती. सुरय्या माह्याकडं न पाहता म्हणाली, "भाऊ, माही पोरगी भोंग्याले लय भिते. भोंगा झाला की पळत माह्याकडं येते. आज कशी नाई आली?"

मी काही बोलाच्या आत दिव्यानी बोलली. ओलीचिंब, दात वाजून राह्यले, पण आवाजात केवढी ऐट!

"ते पळून राह्यली होती. मीच धरून बसवलं तिले. आबाजीनं सांगतलं आहे ना, हलायचं नाई म्हणून."

सुरय्यानं माह्याकडं पाहलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते.

दुसऱ्या दिवशी सोमवार. शाळेले सुट्टी दिली होती. मी दुपारी ओसरीत चहा घेऊन बसलो होतो. तीनले भोंगा झाला. तोच आवाज, तेवढाच लांब. माहा हात ग्लासावर गेला.

दिव्यानी आतून आली अन् दारात उभी राह्यली. हात अर्धे कानाकडं गेलेले, पाय बाहेरच्या अंगाले. अशी ते कधीच उभी राहत नव्हती.

"आबाजी," ते म्हणाली, "बसू का पळू?"

एकतीस वर्षं मी लोकांले, बसायचं का पळायचं, हेच सांगतलं. आता ग्लास सोडला, तिचा हात धरला, अन् तिले तसंच उभं धरून मी मोजाले लागलो.